खोली नंबर एकोणऐंशी

१

"मॅडम, मी चोर हाय म्हणं," तेजस्वी म्हणाली आणि तिनं खिडकीच्या जाळीखालून मोबाइल आत सरकवला.

"कुणी म्हटलं तुला चोर?"

"कॅनडानं."

संयोगिता चौगुलेनं हातातला शिक्का खाली ठेवला. एकवीस वर्षं ती या कॉलेजात खिडकी नंबर तीनमागं बसत होती. गुणपत्रकं, दाखले, परदेशी जाणाऱ्या पोरांची बंद पाकिटं, सगळं तिच्या हातून जायचं. आणि तिचा राग! शिपायापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळे त्या खिडकीसमोर जपून बोलायचे. इलेक्ट्रिकलची पोरं तिला 'उघडी वायर' म्हणायची. ते कानावर आलं तेव्हा बाई खूश झाली होती.

तिनं मेल वाचला. वाचता वाचता तिचे कान तापले.

तेजस्वी खोत ही पेठ वडगावच्या पलीकडची, शेतकऱ्याची पोरगी. इलेक्ट्रिकलला दुसरी आलेली. तिनं कॅनडातल्या एका विद्यापीठात एम. एस.साठी अर्ज केला होता. तिथं गुणपत्रक लागतं, इंग्रजीची परीक्षा लागते, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. पण खरी मेख असते ती दोन पानी निवेदनात. मला हेच का शिकायचंय, आजवर मी काय केलंय, ते त्यात सांगायचं. मार्क काय, सगळ्यांनाच असतात. तिकडचा प्राध्यापक निवेदन वाचून माणूस उचलतो. उचललं की फी माफ, वर लॅबमध्ये काम करायचा महिन्याचा पगार. तेजस्वीला हव्या त्या लॅबमध्ये यंदा अशी जागा एकच होती.

आणि मेल म्हणत होता, तुमच्या निवेदनातली हकीकत, उदाहरणं आणि त्यांचा क्रम अकरा दिवस आधी आलेल्या दुसऱ्या अर्जाशी जुळतो. शुक्रवारपर्यंत पुराव्यासह खुलासा करा. नाहीतर अर्ज रद्द, आणि पुढं पाच वर्षं अर्जाला बंदी. दुसऱ्या अर्जदाराचं नाव काळं करून त्याचा मजकूर सोबत जोडला होता.

आज मंगळवार.

"आण्णा म्हणालेत, फंडिंग मिळालं तर विमानात बस, न्हाय मिळालं तर विषय बंद," तेजस्वी म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'आलो-गेलो' असंच बोलतात, तशीच ती पुढं बोलली, "मी वर्षभर गुंडू मिस्त्रीच्या दुकानात बसून पंपाच्या जळक्या मोटारी मोजल्या मॅडम. उन्हातान्हात बारा गावं फिरलो. आणि चोर मी?"

ती रडत नव्हती. रडली असती तर संयोगितानं पाणी देऊन वाटेला लावली असती. पोरीचे ओठ रागानं पांढरे पडले होते, आणि तो राग संयोगिताच्या ओळखीचा होता.

ती स्वतः डिप्लोमाला वर्गात पहिली होती. डिग्रीच्या मुलाखतीत तिघं जण इंग्रजीत विचारत राहिले, आणि सगळी उत्तरं येत असूनही ती गप्प बसली. तेव्हापासून ती खिडकीच्या अलीकडं आहे.

"खिडकी बंद!" ती मागच्या रांगेवर ओरडली. "उद्या या."

२

"तुझं निवेदन कुणाकुणाला दाखवलंस?"

"तिघांस्नीच. हेर्लेकर सर, निशिगंधा आणि राजारामपुरीतला ऋतुराज सर."

प्राध्यापक वसंत हेर्लेकर म्हणजे इलेक्ट्रिकलचे विभागप्रमुख. तेजस्वीचं पहिलं शिफारसपत्र त्यांचंच. त्यांचं नाव निघताच संयोगिताच्या कपाळावर आठी पडली. दरवर्षी पहिल्या तासाला हा माणूस खेड्यातल्या पोरांना उभं करायचा आणि हसत हसत सांगायचा, "तुमचं मराठी मिडीयम तुम्हाला जन्मभर नडणार आहे." ऑक्टोबरात तर कहर झाला. प्रिन्सिपलांकडं सव्वाचारला बैठक होती. संयोगिता स्वतः खाली पार्किंगपर्यंत जाऊन निरोप देऊन आली, आणि सर पावणेचारलाच हजर! अर्धा तास बाहेर बसावं लागलं म्हणून त्यांनी सगळ्या ऑफिससमोर तिला झापलं. "साधी वेळ धड सांगता येत नाही तुम्हाला?" तो अपमान तिनं गिळला होता, पचवला नव्हता.

"निशिगंधा म्हणजे तुझी रूममेट?"

"व्हय. ती बोलंना झालीया माझ्याशी. काल मी फोनवर तिला इचारलं, तू कुणाला दिलंस काय म्हणून. तिनं फोनच आपटला." तेजस्वी घुटमळली. "तिलाबी कॅनडाला जायचं होतं, मॅडम. घरातनं न्हाय म्हणाले."

"आणि तो ऋतुराज?"

"त्येचं परदेशी शिक्षणाचं ऑफिस हाय. त्येनं इंग्रजी तपासून दिलं."

संयोगितानं तो मेल आणि तेजस्वीचं निवेदन छापून घेतलं आणि पर्स उचलली. तिच्या मते अर्धं काम झालंच होतं. दुसऱ्यांच्या निवेदनांवर पोट भरणारा माणूस समोर असताना चोर शोधायला लांब कशाला जायचं?

३

ऋतुराजचं ऑफिस काचेचं. भिंतीवर लंडन, टोरांटो, सिडनी. तो स्वतः कधी बेळगावच्या पुढं गेला नसावा, असं संयोगिताला उगीच वाटलं.

"या पावणं, बसा. चहा सांगू काय?"

"चहा तुझ्याकडंच ठेव. या पोरीचं निवेदन कुणाला विकलंस ते सांग."

एवढ्या मोठ्यानं बोलायची तशी गरज नव्हती. बाहेर बसलेल्या चार आईबापांनी माना वळवल्या. ऋतुराज उठला, दार लावलं आणि कपाळाचा घाम पुसत बसला.

"मॅडम, खरं सांगतो. मी नमुने ठेवतो. जुन्या पोरांची निवेदनं नव्या पोरांस्नी दाखवतो. सगळेच दाखवतात."

"म्हणजे कबूल!"

"आवो ऐका तरी!" त्यालाही आता चेव चढला. त्यानं मेलमधला तो काळं नाव असलेला मजकूर टेबलावर आपटला. "हे बघा, आणि हे मी तपासलेलं. एक वाक्य जुळतंय काय? हिचं निवेदन सुरू होतं 'In my village', त्येचं सुरू होतं 'Where I come from'. शब्द वेगळे, वाक्यं वेगळी. गोष्ट तेवढी तीच. माझी गिऱ्हाइकं एवढे कष्ट घेत न्हाईत, मॅडम! माझ्याकडनं चोरलं असतं तर स्वल्पविरामासकट चोरलं असतं. गेल्या साली तर एक पठ्ठ्या दुसऱ्याच्या बहिणीचं नावबी तसंच ठेवून आला."

संयोगिता तोंड उघडणार होती, ते तिनं मिटलं. बाबा बोलत होता ते निर्लज्ज होतं, पण खोटं नव्हतं. गोष्ट तीच आणि इंग्रजी निराळं. असं कधी होतं?

"दोघांनीबी एकाच कुठल्यातरी मजकुराचं भाषांतर केलं असलं तर व्हतंय," ऋतुराज म्हणाला. "पण मला हिनं इंग्रजीच दिलतं. मराठी मी बघितलंच न्हाय."

संयोगिता तेजस्वीकडं वळली. "मराठीत लिहिलं होतंस?"

"लिहिलं नव्हतं," तेजस्वी हळूच म्हणाली. "बोललो होतो."

४

हकीकत अशी होती. ऑक्टोबरात हेर्लेकर सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शिफारसपत्रासाठी माहिती मागताना ते म्हणाले, "लिहून काही आणू नकोस, महिनाभर मला वाचता येणार नाही. व्हॉइस नोट पाठव, येता-जाता गाडीत ऐकतो." तेजस्वीनं आपलं सगळं काम मराठीत बोलून अकरा मिनिटांची नोट पाठवली. तीच निशिगंधाला पाठवली, कारण इंग्रजी करायला ती बसणार होती. इंग्रजी पुढं डिसेंबरात झालं. ऋतुराजला ते गेलं.

संयोगितानं दोन्ही मजकूर शेजारी ठेवले आणि पेन्सिल घेतली. शब्द सोडले, नुसते आकडे बघितले. बारा गावं, दोन्हीकडं बारा. साडेसात एचपीची मोटार, दोन्हीकडं साडेसात. चारशे चाळीस व्होल्ट, तेही तेच. मग मात्र पेन्सिल थांबली. वर्षभरात जळलेल्या मोटारी तेजस्वीकडं ७९, आणि दुसऱ्याकडं ८९. व्होल्टेज पडल्यावर मोटार जळायला लागणारा वेळ तेजस्वीकडं पावणेतीन तास, दुसऱ्याकडं सव्वातीन.

"ओळखू येऊ नये म्हणून बदलले असतील," तेजस्वी म्हणाली.

"मग पाचातले दोनच का बदलले? बाकीचे काय पाहुणे आले म्हणून सोडले?" संयोगिता उठली. "चल, तुझ्या मिस्त्रीकडं. खरा आकडा कुठला ते आधी बघू."

पेठ वडगावच्या बाजारात गुंडू मिस्त्रीचं जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. जळक्या तारांचा वास, जमिनीवर वॉर्निश. गुंडूनं हात न पुसताच भिंत दाखवली. भिंतीवर खडूच्या रेघा, चार उभ्या आणि एक आडवी, असे गठ्ठे.

"भरायला आलेली मोटार, एक रेघ. ही पोरगी वर्षभर हितं स्टुलावर बसून मारत व्हती," गुंडू म्हणाला. "पंधरा गठ्ठे आन वर चार. एकोणऐंशी. दिवाळीला बायको भीत रंगवायला निघालेली, म्हटलं हात लावू नगंस, पोरीचा अभ्यास हाय."

एकोणऐंशी.

संयोगिता जागच्या जागी थांबली. तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटला. मग म्हटलं पावणेतीन. आणि गुंडूच्या दुकानात, त्या जळक्या वासात, बाई एवढ्या मोठ्यानं हसली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"तेजस्वी, चोरानं आकडे बदललेले न्हाईत गं! त्याला ते कळलेच न्हाईत. एकोणऐंशी म्हणजे एक उणे ऐंशी. पण ज्यानं पाढे इंग्रजीत म्हटलेत त्याला काय ऐकू येतं? नऊ आणि ऐंशी. झाले एट्टी नाईन! आणि पावणेतीन म्हणजे त्याच्या लेखी थ्री अँड अ क्वार्टर. बारा, साडेसात, चारशे चाळीस सोपे, ते बरोबर आले. तुझ्या इंग्रजीत तर आकड्यांतच लिहिलंय, ते बघून असली चूक होत न्हाय. चोरानं वाचलेलं न्हाय. त्यानं तुझी नोट ऐकलीया."

तिनं त्या भिंतीचा फोटो काढून घेतला. नोट दोघांकडंच गेली होती, आणि त्यातली एक जण तेजस्वीची मैत्रीण होती.

५

बुधवारी निशिगंधा खिडकीवर आली ती भांडायच्या तयारीनंच. "तिनं तुमच्याकडं चुगली केली व्हय माझी? मी तिच्यासाठी रात्ररात्र इंग्रजी केलं, आणि ती मलाच इचारते, तू दिलंस काय! मला जायला मिळालं न्हाय म्हणून मी तिचं चोरीन?"

"चोरी कुणी केली ते मी नंतर बघते," संयोगिता शांतपणे म्हणाली. तिचा शांतपणा तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट. "तुझा एक दाखला काढायचाय. उद्या पावणेतीनला ये, रेकॉर्ड रूममध्ये. खोली नंबर एकोणऐंशी. लिहून घे, विसरशील."

निशिगंधानं चिडून पेन घेतलं आणि हातावर लिहिलं: २.४५, ७९.

"पावणेतीनला माझं प्रॅक्टिकल हाय. अडीचला येतो," ती म्हणाली.

"कुठली शाळा तुझी?"

"जोतिबाच्या डोंगराखालची. जिल्हा परिषदेची. का?"

"पाढे कुठवर?"

"तीसपर्यंत, आणि पावकी-निमकीबी. गुरुजी छडी घेऊन बसायचे. पण त्येचा काय संबंध?"

"लई संबंध हाय, बाई माझे." संयोगितानं तिला आत बोलावून बसवलं आणि सगळं सांगितलं. निशिगंधाचा राग उतरला नाही, पण त्याची दिशा बदलली. तिनं तेजस्वीला बोलावून तिचा मोबाइल घेतला, हेर्लेकर सरांना पाठवलेली ती ऑक्टोबरातली नोट उघडली आणि संयोगितासमोर धरली.

"हे बघा. नोटेवरचा माईक निळा झालाय. निळा झाला की समजायचं, त्या फोनवर ती ऐकलीया."

६

हेर्लेकर सरांच्या केबिनमध्ये एसी मोठा, खुर्ची मोठी आणि पाहुण्याची खुर्ची मुद्दाम लहान. संयोगिता उभीच राहिली.

"वाईट झालं," सर म्हणाले. "हुशार मुलगी. पण या मुलांना कळत नाही हो, नेटवरून काहीतरी उचलतात. मी तिचं शिफारसपत्र मागं घ्यायच्या विचारात आहे."

संयोगिताच्या मुठी आवळल्या. "सर, तिची व्हॉइस नोट ऐकली होती काय तुम्ही?"

"नोट? छे. वेळ कुठं मिळतो? जुन्या माहितीवरून लिहून टाकलं पत्र."

तिला निळा माईक दिसला. खोटं! अगदी डोळ्यांत बघून, खडखडीत खोटं. तिनं मनातल्या मनात सापळा लावला आणि म्हणाली, "बरं. एका प्रमाणपत्रावर तुमची सही राहिलीया, सर. उद्या पावणेतीनला कागद रेकॉर्ड रूममध्ये तयार असेल, खोली नंबर..."

"एकोणऐंशी, माहीत आहे मला," सर घड्याळ बघत म्हणाले. "आणि दोन पंचेचाळीसला मला मीटिंग आहे. सही इथंच आणा."

संयोगिता बाहेर आली ती तोंडात मारल्यासारखी. हेर्लेकर सरांचं बालपण गडहिंग्लजच्या मराठी शाळेतलं. पावणेतीन त्यांना झोपेतही चुकणार नव्हते. त्यांनी नोट ऐकली होती, खोटंही बोलले होते, पण ते इंग्रजी निवेदन लिहिणारा माणूस ते नव्हते.

दोघांकडं नोट. दोघांनाही मोजता येतं. मग ऐंशीच्या पुढं गेलेला तो तिसरा कान कुणाचा?

ती जिन्यावरच बसली. येणारी-जाणारी पोरं बाजूनं जात होती. उद्या गुरुवार, परवा शुक्रवार. सगळं कोडं सुटल्यासारखं होऊन हातात धुपाटणं आलं होतं. आणि वर हा माणूस पत्र मागं घेणार! साधी वेळ धड सांगता येत नाही म्हणे. सव्वाचार सांगितली होती मी, स्पष्ट, सव्वाचार! खाली गाडीपर्यंत जाऊन...

ती ताडकन उठली. सव्वाचारचे पावणेचार कसे झाले? निरोप तिनं सरांना दिलाच नव्हता. सर वर विभागात होते. आणि ऑक्टोबरात सरांच्या डोळ्याला पट्टी होती, गाडी ते चालवतच नव्हते. निरोप दिला होता तो गाडी चालवणाऱ्याला.

"जोतिबाच्या नावानं चांगभलं!" संयोगिता जिन्यात ओरडली, आणि दोन पोरं दचकून भिंतीला चिकटली.

७

गुरुवारी कॉलेज सुटायच्या वेळी ती हेर्लेकर सरांच्या केबिनमध्ये शिरली तेव्हा तो तिथंच होता. वरद, सरांचा मुलगा. पुण्यात इंजिनिअरिंग केलेला, सहा महिने घरी असलेला, बापाला न्यायला आलेला. सर फोनवर बोलत होते.

"वरद, बरं झालं भेटलास. सरांचं एक पाकीट माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "उद्या घेऊन जा. लिहून घे बाबा. पावणेतीनला ये, खोली नंबर एकोणऐंशी."

वरदनं टेबलावरच्या चिठ्ठ्यांतली एक ओढली आणि लिहिलं. संयोगितानं ती उचलून मोठ्यानं वाचली. "थ्री फिफ्टीन. रूम एट्टी नाईन."

सरांनी फोन बाजूला धरला. मास्तराची जात, चूक ऐकली की राहवत नाही. "अरे गाढवा, पावणेतीन म्हणजे दोन पंचेचाळीस! आणि एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाईन!"

"हे तुम्ही कॅनडाला पाठवायच्या आधी सांगायला हवं होतं, सर," संयोगिता म्हणाली.

फोन बंद झाला. कुणीतरी पलीकडून हॅलो हॅलो म्हणत असतानाच. तिनं दोन्ही मजकूर टेबलावर पसरले आणि त्या दोन आकड्यांवर ती चिठ्ठी ठेवली. तेजस्वी आणि निशिगंधा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"एक आकडा चुकला म्हणून माझा मुलगा चोर?" सरांचा आवाज चढला. "काय पुरावा आहे? उद्या तुमची नोकरी..."

"ऑक्टोबरात गाडी कोण चालवत होतं? माझ्या सव्वाचारचे पावणेचार कुणी केले? मी तुमच्या शिव्या खाल्ल्या सर, याच्यामुळं! आणि नोट तुम्ही ऐकलीच न्हाय म्हणता, तर तुमच्या फोनवर ती ऐकली कुणी?"

"त्यानं परस्पर ऐकली असेल! मला काय माहीत?"

हे वाक्य बोलायला नको होतं. वरदनं मान वर केली. इतका वेळ तो भिंतीकडं बघत होता.

"परस्पर? पप्पा, तुम्ही तीन वेळा लावलीत ती. मी गाडी चालवत होतो. तुम्ही म्हणालात, हे ऐक, अशी स्टोरी पाहिजे, ही असेल तर फंडिंग नक्की. मी म्हटलं होतं, आय हॅव नेव्हर सीन अ बर्न्ट मोटर. तुम्ही म्हणालात, तिकडं कोण बघायला येतंय. तेजस्वी काही आपल्याआधी अर्ज करत नाही."

सर खुर्चीत बसले.

"संयोगिताबाई, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे," ते शेवटी म्हणाले.

"आणि ही काय वाऱ्यावर पडलीया?" संयोगिताचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. दारं उघडली. "तुमची दोन घरं हायत, पोराला फी भरून धाडला असता! फंडिंग कशाला पाहिजे होतं?"

"बापाच्या पैशावर गेला म्हणतात लोक. फंडिंग म्हणजे..." सरांना पुढं सांगवेना. "मान असतो त्याला."

"मान! म्हणजे निव्वळ मिरवायला? तिच्या बापाकडं तेवढी एकच वाट होती, आणि तुम्ही ती मिरवायला घेतलीत? वर पत्र मागं घेणार होता! दरवर्षी पोरांस्नी उभं करून सांगता, मराठी मिडीयम नडणार म्हणून. नडलं सर. कुणाला नडलं ते बघा."

तेजस्वी पुढं आली. तिनं टेबलावरची चिठ्ठी उचलली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "सर, तुमचं पत्र मागं घ्यायचं असलं तर घ्या," ती म्हणाली. "पण माझी नोट तुम्ही तीनदा ऐकली, आणि मला एकदाबी म्हणाला न्हाईत, चांगलं काम केलंस म्हणून."

८

शुक्रवारी खुलासा गेला. ऑक्टोबरातली नोट, तारखेसकट. गुंडू मिस्त्रीच्या भिंतीचा फोटो, पंधरा गठ्ठे आणि वर चार. त्याखाली तेजस्वीनं स्वतः लिहिलेला परिच्छेद, मराठीत ऐंशीच्या आधी एक कसा उणा करतात आणि तीनच्या आधी पाव कसा, आणि हे न कळणाऱ्यानं काय लिहिलं असतं. ऋतुराजनं फुकट तपासून दिला. मिरवायला त्यानंही ते चार जणांना सांगितलं, पण ते असो.

नवव्या दिवशी उत्तर आलं. खुलासा मान्य. दुसरा अर्ज रद्द. लॅबमधली ती एकुलती जागा, फी माफीसह, तेजस्वी खोतची. खाली तिकडच्या प्राध्यापकानं दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या, की ती भिंत रंगवू देऊ नका.

आणि हेर्लेकर सर? चौकशी समिती बसली. समितीत तिघं, तिघंही त्यांच्याबरोबर सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणारे. निष्कर्ष निघाला 'गैरसमज'. सर खुर्चीवर आहेत. फक्त यंदा पहिल्या तासाला त्यांनी कुणाला उभं केलं नाही म्हणतात.

गैरसमज कुणाचातरी असावाच लागतो. पंधरवड्यात संयोगिता चौगुलेच्या हातात बदलीचा कागद पडला. विभागप्रमुखांशी उद्धट वर्तन. खिडकी नंबर तीनवरून रेकॉर्ड रूम. तिथं धूळ, झुरळं, वीस वर्षांचे गठ्ठे आणि एक डुगडुगणारा पंखा. मंगळवार पेठेतल्या घरी त्या दिवशी तिनं दोन भांडी आपटली, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाली. आल्या आल्या पहिलं काम केलं ते म्हणजे खोलीचा नंबर ओल्या फडक्यानं पुसून स्वच्छ केला.

तेजस्वीचा फोन आला. तिकडं पाठवायचं शेवटचं बंद पाकीट हवं होतं, आणि खिडकीवरची नवी मुलगी म्हणत होती की गठ्ठे रेकॉर्डला गेलेत.

"उद्या पावणेतीनला ये," संयोगिता म्हणाली आणि फोन ठेवला. खोलीचा नंबर तिनं एकदाच सांगितला.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. तिनं घड्याळ बघितलं. दोन पंचेचाळीस, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही.

"मॅडम, आलो."

"सापडली का खोली?"

"न सापडायला काय झालं?" तेजस्वी म्हणाली. "ऐंशीच्या अलीकडची की."